एफ-सेव्हन

आडनावच कारखानीस. मी काय बोलणार.
बावीस कादंबऱ्या जुळवल्या मी त्यांच्या
चरईतल्या या पोटमाळ्यावर,
खाली झेरॉक्स, वर मी आणि घरघरणारा सीपीयू.
सोसायटीच्या नोटिशांच्या पाठकोऱ्या बाजूवर
निळ्या शाईत येई बाड,
आणि पान उलटायच्या आधीच मला कळे,
आता मावशी खोकणार.

मावशी अठ्ठ्याऐंशीव्या पानावर खोकते.
एकशे चाळीसवर पत्र येतं, पत्ता अर्धा पुसलेला.
मग नायिका नोकरी सोडते, किंवा धरते,
आणि सगळं आवरून झाल्यावर
गेलेला माणूस परत येतो.
"दाराची कडी वाजली."
प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं वाक्य.
आठव्या पुस्तकापासून मी ते एफ-सेव्हनवर ठेवलंय.
एक कळ दाबली की दार, कडी, पूर्णविराम.

एकदा म्हटलं, सर, मावशीला यंदा दुसरं काही होऊ दे,
निदान गुडघे.
ते गरम पाणी पीत होते, चहा वर्ज्य.
म्हणाले, केणीबाई, संध्याकाळी तलावपाळीला बघा,
तीच माणसं, तीच फेरी,
कंटाळलेलं दिसतं का कोणी?
म्हटलं, फेरी फुकट असते सर,
तुमची कादंबरी साडेतीनशेला.
हसले. पुढच्या बाडात मावशी
आधी गुडघा धरून बसली,
मग खोकली.

लायब्ररीत नवं पुस्तक आलं की बायका विचारत,
यातही येतो ना तो परत?
येतो म्हटलं की पिशवीत टाकत.
मी तरी हसायला नको.
कळव्याच्या कंपनीला टाळं लागलं त्या महिन्यात
माझा बाप बाळकुमच्या घरातून चपला घालून गेला,
आणि आई अकरा वर्षं
कडी न लावता झोपली.
एफ-सेव्हन मी कधीकधी
काम नसतानाही दाबते.

तेविसावं बाड एकशे चाळीसवर थांबलं.
पत्र आलंय. कोणी फोडलेलं नाही.
सर सिव्हिलमध्ये, उजवा हात उशीवर ठेवलेला,
दुसऱ्या कोणाचा असावा तसा.
प्रकाशकांचा फोन आला: बाई, पुढचं तुम्हीच टाका,
तुम्हाला तर पाठ आहे. कोणाला कळणार?

सतरा रात्री टाकत होते.
पत्र फोडलं, मावशीला पोचवलं,
नायिकेच्या राजीनाम्यातलं व्याकरण सुधारलं.
शेवटच्या पानावर कळ दाबली. कडी वाजली.
आणि त्यापुढे, कुठून कोण जाणे,
माझ्या बोटांनी आणखी एक ओळ टाकली:
तिने बसल्या जागेवरून विचारलं, "कोण?"
तिला उठवेना.
मलाही खुर्चीतून.

प्रुफं घेऊन गेले. सरांनी डाव्या हातात पेन्सिल धरली,
दोन ऱ्हस्व-दीर्घ काढले, माझेच.
शेवटच्या पानावर बराच वेळ होते.
वॉर्डबॉय जेवणाचं ताट ठेवून गेला, पोळी वातड झाली.
मग "कोण"पुढचं प्रश्नचिन्ह त्यांनी खोडलं.
तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द सांडत होते,
पण मी बावीस पुस्तकं वाचलीत त्यांचं अक्षर,
बोलणं लागायला वेळ लागला नाही.
केणीबाई, तिला माहीत असतं.

बिलात ती पुढची पानं धरली नव्हती.
मग घरी जाऊन धरली,
पानाला अठ्ठावीस, नेहमीच्याच दराने.