तिसऱ्या आठवड्याची यादी

सेंट जॉन्सच्या वाचनालयात, तळघरात,
आमच्याकडे तीन मायक्रोफिल्म यंत्रं आहेत.
दोन चालतात. त्यातलं एक फक्त पुढे जातं,
ते मी घाईतल्या लोकांना देतो.

ड्रुसिला पार्डी दर गुरुवारी येते.
ओला कोट खुर्चीच्या पाठीला, चष्मा कपाळावर,
पिशवीत चहाचा थर्मास,
जो मला दिसत नाही असं आमचं ठरलेलं.

मी रीळ चढवतो. काचेखालून, रुळांमधून
फितीचं टोक ओवतो. व्हिनेगरचा वास येतो;
जुन्या फिती मरताना अशा आंबतात.
दिवा लावतो. काळ्यावर पांढरी अक्षरं,
रात्रीच रात्रीवर छापलेलं वर्तमानपत्र.

ती मूठ फिरवते आणि १९२१ धावू लागतं :
मीठ, दोरखंड, बिस्किटांची पिंपं,
हरवलेली तपकिरी घोडी, डाव्या कानाला खाच,
दातांचा डॉक्टर, फक्त मंगळवारी.
"चार पिढ्या समुद्रावर," ती डोळे मिटून म्हणते,
"कुणाला कधी बोट लागली नाही.
मला लागते. तीही तळघरात."

तिला हवाय एलायझर पार्डी. आजोबा.
मार्चमध्ये कामावर गेला तो गेलाच.
बुडालेल्यांत नाही, वाचलेल्यांत नाही,
दवाखान्यात नाही, तुरुंगातही नाही.
सात महिने आम्ही मेलेल्यांच्या याद्या वाचतोय.

आज मूठ जरा जास्त फिरली
आणि पान चारच्या तळाशी थांबली :
*पोस्टात पडून असलेली पत्रं. मालकांनी घेऊन जावीत.*
ऑस्मंड.
पार्डी, ई. एक पत्र. दोन सेंट देणं बाकी.

आम्ही दोघंही काही बोललो नाही.
यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता.

पुढचा आठवडा. तोच स्तंभ, तेच नाव, तेच दोन सेंट.
त्याच्या पुढचा :
ऑस्मंड, आणि मग एकदम पार्सन्स.
मध्ये रिकामी जागासुद्धा नाही.
ती बोटाने पडदा पुसते. मी भिंग पुसतो.
पुन्हा ऑस्मंड, पुन्हा पार्सन्स.

"नेलं," ती म्हणते.
कुणी, असं विचारायला मी तोंड उघडतो
आणि छपाईचं बटण दाबतो.

कागद गरम बाहेर येतो.
पंचवीस सेंट, मी म्हणतो, नियमाप्रमाणे.
ती पाकिटाच्या तळाशी बराच वेळ शोधते,
पंचवीसचं नाणं ठेवते,
आणि त्याच्या शेजारी, एकाला एक लागून,
दुकानात आता कुणी घेत नाही अशी
तांब्याची दोन.