वहाणा

लढाई संपली तेव्हा आचऱ्याच्या खाडीला
ओहोटी लागली होती.
कालवांच्या खडकावर आम्ही तिघं:
मी, वेशीवरचा देवचार,
आणि पाण्यातली मोतन, जिच्या केसांत
अजून शत्रूच्या शिडाचा दोरा.

देवचाराच्या वहाणा फाटल्या होत्या.
"तीन रात्री धावलो," म्हणाला, "गावाक पत्त्यो नाय."
मी काथ्यानं अंगठा बांधून दिला.
मोतन हसली. मग गप्प झाली.

तिच्या राजाला खाजण परत हवंय,
भरतीच्या जुन्या रेषेपर्यंत.
देवचार वीतभर शीव सोडणार नाही.
आणि मी मीठ खाल्लंय किल्लेदारणीचं,
जिला या दोघांचीही भीती वाटते.

एकच विडी तिघांत फिरली,
मोतनच्या बोटांत विझली, पुन्हा पेटवली.
पुनवेच्या उधाणाला कोण कुठं उभं असेल
कुणी विचारलं नाही.

ती उतरली. पाणी मिटलं.
देवचार बराच वेळ तिथंच बघत राहिला,
मग लंगडत बांधाकडं गेला.

पुनवेच्या आधी मी त्याला नव्या वहाणा नेऊन देईन,
रिवाजच आहे तसा.
मात्र कोऱ्या चामड्याच्या, तेल न लावलेल्या,
करकर वाजणाऱ्या,
पाण्याखालीही ऐकू जाईल अशा.