चौदा पावलं

टेबल स्वस्तच होतं.
इतवारीतून आठ हजार चारशेला आणलं,
ड्रिलिंग मशीनखाली ठेवायचं, दोन दिशांना सरकणारं,
वरून हिरवा रंग, रंगाखाली लांबी, लांबीखाली बीड.
दुकानदार म्हणाला, घ्या पराते, जिंदगीभर चालते.
कोणाची जिंदगी, ते नाही बोलला.

अकरा वर्षं त्याची दोन्ही चाकं मी फिरवली,
पाचपावलीच्या या टिनाच्या शेडमध्ये.
चाकावर शंभर घरं. एक फेरा म्हणजे दोन मिलिमीटर.
पण पुढे नेलेलं टेबल मागे आणायचं म्हटलं
की पहिली सात घरं नुसती हवा.
चाक फिरतं, टेबल ढिम्म.
स्क्रू झिजलेला, नट झिजलेला,
दोघांच्या मधे एक जागा, जिथं काहीच घडत नाही.
ती माझ्या मनगटाला पाठ होती.
कोणाला सांगितली नाही.
विचारलंच नाही कोणी.

औंदा ते मनगटच थरथरायला लागलं.
डॉक्टर म्हणाला, वय.
रक्षंदा म्हणाली, मोटर लावू ना, मामा.

मोटरी निघाल्या झेरॉक्सच्या दोन मेलेल्या मशीनमधून.
कॉम्प्युटर महालातल्या बंद पडलेल्या सायबर कॅफेचा,
त्याच्या कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पोरांनी घासून नेलेली.
कपलिंग टेक्याच्या शकीलनं लेथवर काढून दिलं,
पैसे घेतले नाही. म्हणाला, चालू झालं
की तर्रीपोहे तुझ्याकडून.
चाकं काही निघेनात.
रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं.
सकाळी अलगद हातात आली,
तर माझंच तोंड पडलं.

पहिल्याच हुकमाला टेबल उलट्या दिशेनं धावलं.
रक्षंदानं दोन तारा अदलाबदल केल्या, गुपचूप.

मग मे लागला. शेडमध्ये पंचेचाळीस.
कूलर लावला की टेबल जागीच थांबायचं,
स्क्रीनवर यायचं, हद्द आली.
कुठली हद्द? स्विच तर वीतभर लांब.
चार दिवस कूलर बंद ठेवून काम केलं,
घामाचे थेंब बिडावर पडून तिथंच वाळायचे.
पाचव्या दिवशी उलगडा झाला:
कूलरच्या मोटरीचा झटका तारेत घुसतो
आणि याला वाटतं, आपण भिंतीला टेकलो.
माणसासारखंच की बे, मी म्हणालो.
ती म्हणाली, मामा, जाळीवाली तार आणा. पाच मीटर.

शेवटी पेन बांधलं, पुठ्ठ्यावर गोल काढायला लावला.
गोल आला, पण चार जागी चपटा,
जशी गरम भाकर चौघांनी चौफेर दाबून पाहिली.
ती प्रोग्रॅम तपासत बसली.
एक तास. दोन तास.
मी म्हणालो, सात घरं.
काय?
सात घरं. मागे वळताना. या चाकाला सात, त्या चाकाला पाच.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बोटांवर हिशेब केला.
मोटरीची दोनशे पावलं म्हणजे एक फेरा,
तर सात घरांची झाली चौदा.
वळताना दर खेपेला ही चौदा पावलं फुकट चालायची
आणि चाललो असं धरायचं नाही.

स्क्रीनवर एक चौकोन होता. तिनं भरलं, पॉइंट एक चार.
खालच्या चौकोनात, पॉइंट एक.
अकरा वर्षांचं मनगट मावलं त्यात,
थोडी जागा उरलीसुद्धा.

पुढचा गोल शकीलनं दारात उजेडाला धरून पाहिला.
काही बोलला नाही. पोहे दोन प्लेट खाल्ले.

आता सकाळी शटर उघडलं
की टेबलाला काल कुठे थांबलो ते आठवत नाही.
आधी कोपऱ्यापर्यंत जातं, स्विचला टेकतं,
तिथून स्वतःला मोजायला घेतं.
मी पितळी पट्ट्या लावतो, चहा पितो.
चाकं खिळ्याला टांगलेली.

लाईट जाते तेव्हा शेड एकदम मोठी होते.
हात आपोआप जातो जुन्या जागी,
तिथं मोटरीची गरम पाठ.
मनगट हवेतच फिरतं,
पहिली सात घरं.

मग लाईट येते. आधी कूलर,
मागून टेबल.