न उच्चारायचा ज

ब्रॅडफर्डच्या बंद लोकरगिरणीत,
चौथ्या मजल्याच्या पन्हळीत
हे झुडूप उगवलंय.
माझ्या तक्त्यात त्याच्यासाठी एकच रकाना:
काढून टाकावे.

मुळं चुन्याच्या सांध्यात वीतभर आत.
डेरेक म्हणतो, ओढू नका, वीटच हातात येईल.
तो म्हणतो 'बडलिया',
शेजाऱ्याच्या कोंबडीला हाकलावं तसं.
लिहिताना मात्र मधे एक ज येतो,
लॅटिनचा,
जो बोलताना गिळायचा असतो.

एसेक्सात अॅडम बडल नावाचा पाद्री होता.
गवतं, शेवाळं, असल्या
पायाखालच्या गोष्टींत हयात गेली त्याची.
तो गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी,
वेस्ट इंडीजहून आलेल्या एका झुडपाला
कुणी त्याचं नाव दिलं.
हे त्याचं चिनी भावंड,
दगडगोट्यांच्या नदीकाठचं.
याच्या शेपटाला दुसरा पाद्री, फ्रेंच: डेव्हिडी.
त्याने निदान झाड पाहिलं होतं.
बडलने यातलं काहीच नाही.
ना हा जांभळा तुरा,
ना प्रत्येक इवल्या फुलाच्या घशातला
केशरी ठिपका,
ना हा मधाचा, जरा शिळा वास.

मी आडिवरेकर.
आडिवरे मी पाहिलेलं नाही.
वडील भुसावळला पोस्टात, आजोबाही तिकडेच कुठे;
गावाकडे जाणारा रस्ता म्हणजे
आडनावातला 'कर', बस.
साइटच्या पासवर तोही मावला नाही.
डेरेक मला मिसेस आडी म्हणतो,
आणि मी ओ देते.

रेल्वेच्या कडेकडेने आलं असणार हे,
गाड्यांच्या वाऱ्यावर बी उडत,
भिंतीला नदीकाठ समजून.
फसलं म्हणावं, तर
दोन माणसांएवढं वाढलंय.

जेवणाच्या सुट्टीत अहवाल टाइप केला.
झुडपाचं नाव, ज सकट.
खाली सही: म. आडिवरेकर.
कंप्युटरने दोन्हींखाली
सारखीच लाल रेघ ओढली.

डेरेकने करवत लावली तेव्हा
तुऱ्यावरचं काळं-तांबडं फुलपाखरू
शेजारच्या फांदीवर गेलं.
मग ती फांदी.
मग उडालंच.

"पुढच्या जुलैत परत येईल," तो म्हणाला,
स्वेटरवरचा भुसा झटकत,
"तुम्ही काय वाट्टेल ते लिहा."