आवाज तीन

सप्टेंबरपासून माझ्या वहीत एवढंच आहे :
आवाज एक. कान हलले. चीज खाल्लं.
आवाज एक. कान हलले नाहीत. चीज खाल्लं.
आवाज दोन. चीज खाल्लं, पण माझ्याकडे बघत,
जणू मीच फोडलाय तो फटाका.

तिचं नाव बोना. घेवड्याच्या दाण्यासारखी तपकिरी.
रुमेनियाहून आली, व्हॅनमधून, अठ्ठावीस तास,
सोबत पासपोर्ट, त्यात अंदाजे जन्मतारीख.
त्याआधीचं तिलाच ठाऊक. सांगत नाही.
झाडू उचलला की थोडंसं सांगते.

गेल्या एकतीस डिसेंबरला रॉटरडॅम कडाडलं
तेव्हा ती न्हाणीघरात, टबामागच्या फटीत शिरली,
माझा हात पोचत नाही तिथे,
आणि दोन दिवस राहिली.
शेवटी प्लंबर आला. फळी काढून
लादीवर आडवा झाला तो अवाढव्य माणूस
आणि हळूच म्हणाला,
ये ग बाई बाहेर, वर्ष बदललं.

शेपूट घालणं म्हणतात याला.
जणू शेपूट म्हणजे हातमोजा,
हवा तेव्हा घालावा, नको तेव्हा काढावा.
मी बावीस वर्षं ट्राम चालवली आहे;
रिकाम्या डब्यात काचा कशा थरथरतात मला माहीत आहे,
कुणी हात लावलेला नसतो,
रूळच कुठेतरी दूर हललेला असतो.
तशी ती.

हेलिंगाबाई तासाचे पंच्याऐंशी युरो घेतात
आणि पहिला अर्धा तास
बोनाकडे पाठ करून जमिनीवर नुसत्या बसतात.
(मी मनात हिशेब करत होते, खोटं कशाला बोलू.)
मग म्हणाल्या, भीतीला घराबाहेर काढता येईलच असं नाही.
तिच्या शेजारी दुसरं काहीतरी आणून बसवू.
चीज आवडतं का हिला?

तर फोनवर फटाके.
आधी भिंतीपलीकडे कुणी टोस्ट मोडावा एवढे.
ऑक्टोबरात मी घाई केली, तीनवरून थेट सहा.
तिने जेवण सोडलं. फोन दिसला तरी
उठून जायची, दुखावलेल्या पाहुण्यासारखी.
पुन्हा एक. पुन्हा एक. तीन आठवडे एक.

खालच्या मजल्यावरचा यूरे, तेरा वर्षांचा,
खिशात कायम काहीतरी स्फोटक.
भांडायलाच गेले होते, पण हातात वही होती, तीच दिली.
त्याने जिन्यात बसून सगळी वाचली.
तीनला काय करते, त्याने विचारलं.
दर बुधवारी येतो आता, आवाजाचं बटण त्याच्याकडे.
फटाके सोडलेले नाहीत त्याने.
दुसऱ्या गल्लीत जाऊन फोडतो.
मी तेवढंही वहीत लिहिलं आहे.

आणि आज विमानतळाजवळचं हॉटेल,
इथे उडवू देत नाहीत म्हणून.
लिफ्टमध्ये एक सेंट बर्नार्ड, डोळे मिटून उभा;
दोन म्हातारे भाऊ, टोपलीत ससा;
कुणीच कुणाला विचारत नाही, तुम्ही इथे कसे.

बारा वाजले. पडदे ओढलेले.
आकाशात काही नाही. मी श्वास सोडला,
आणि बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी आनंदाने
बाटलीचं बूच उडवलं.

फट्.

बोनाचे कान मागे गेले. एक पाय वर, तसाच.
मग तिने मान वळवली,
माझ्या चेहऱ्याकडे नाही,
खिशाकडे.

माझीच बोटं थरथरत होती. तुकडा खाली पडला.
तिने तो उचलला, दातांत धरला,
आणि गेली सरळ खाटेखाली.

मी गालिच्यावर पोट टेकून ऐकत राहिले.
मग वही काढली.
आवाज : किती, सांगता येत नाही.
खाटेखाली गेली.
चीज खाल्लं.