अस्वलाचा खोका

चांदीच्या गणपतीला मी रस्त्यावरूनच हात जोडते,
चपला काढायला वेळ नसतो,
आणि बेदमुथांच्या दुकानात मागच्या दाराने शिरते.
तिथं मुरमुरे आणि डाळ्यांच्या मधल्या गोणीत
कॉर्नफ्लेक्स असतात. सुटे.
किलोला एकशे साठ.

मॉलमधला खोका पावणेतीनशे ग्रॅमचा,
एकशे पंच्याण्णवला.
म्हणजे किलोला किती,
हे मी पहिल्यांदा मनात मांडलं तेव्हा
बिलाच्या रांगेत उभी होते,
आणि नंबर येईपर्यंत
गाडीत फक्त साबण उरला होता.

शेठ विचारतात, चिवड्याला का?
मी हो म्हणते.
चिवड्याचे वेगळे असतात, जाड, तळायचे.
त्यांनाही ठाऊक आहे.
पण या चिवड्याच्या गावात
दर दहा तारखेला एक किलो चिवडा
कोण करतं, ते विचारत नाहीत.
मापात मूठभर जास्तच पडतं.

घरी, पाथर्डी फाट्याला, मुलं झोपली की
कढई मंद आचेवर ठेवायची.
लोण्याचा एक ठिपका, दोन चमचे कोको,
तीन चमचे पिठीसाखर,
आणि उलथनं न लावता नुसती कढई हलवायची
नाहीतर भुगा होतो.
वर पिंपळगावच्या नणंदेने दिलेले बेदाणे,
चाळणीखाली पडलेले, तुटके,
ज्यांना बाजारात नाव नाही.

मग खोका काढायचा.
त्यावर गॉगल घातलेलं अस्वल
दुधाच्या लाटेवर उभं आहे
गेली दोन वर्षं.
आत तीच चंदेरी पिशवी,
तोंडाला कपड्यांचा चिमटा.
मावेल तेवढं भरायचं,
उरलेलं तांदळाच्या डब्यामागे.

पहिल्या सकाळी निमिषने वाटी नाकाशी नेली.
आई, वेगळं लागतंय.
म्हटलं, वाच ना खोक्यावर काय लिहिलंय,
'आता अधिक कुरकुरीत'.
लिहिलेलं होतंच.
तेवढं तरी मी खरं बोलले.

हेमराजची अंबडची कंपनी
आठवड्याला चारच दिवस चालते हल्ली.
तो रात्रपाळीहून येतो, एक मूठ कोरडीच तोंडात टाकतो,
म्हणतो, अस्वलाला सांगू नकोस.
नंतर चहात शिळी भाकरी बुडवतो
आणि मुलांच्या वाट्यांकडे पाठ करून बसतो.

महिन्याला पावणेपाचशे वाचतात.
वाचत असावेत.
खर्च झालेले पैसे मला चेहऱ्यानिशी आठवतात,
वाचलेले एकदाही भेटलेले नाहीत.

आता निमिष दुसरीत.
जे दिसेल ते वाचतो,
बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या,
गंगेवरच्या दुकानांची नावं उलटीसुद्धा.
परवा त्याने खोका आडवा केला
आणि तळ वाचला.
महिना. वर्ष.
आई, हे तर मी बालवाडीत होतो तेव्हाच संपलं.

गॅसवर दूध होतं.
मी दुधाकडे बघत राहिले,
इतकं लक्ष देऊन मी कधी दूध तापवलं नाही.

दुर्वा डब्यात पोळी भरत होती.
मान वर न करता म्हणाली,
ती अस्वलाची जन्मतारीख आहे, येड्या.
खा लवकर, रिक्षावाले काका हॉर्न देतायत.

तो हसला. खाल्लं त्याने.
तिनं जाताना माझ्याकडे पाहिलं नाही,
मीही तिला थांबवलं नाही.
दहा वर्षांची आहे.
कधीपासून, हे मला विचारायचं होतं.

रात्री कढई उतरवून खोका घेतला
तर कोपरे नव्याने चिकटवलेले,
आणि तळाशी, तारखेवर,
चमकीची जांभळी पट्टी,
तिच्या शाळेच्या प्रोजेक्टमधली.
पंधरा रुपयांना एक रीळ मिळतं ते,
दिवाळीत हट्ट करून घेतलेलं,
कुणाला हात लावू देत नव्हती.

वहीत दहा तारखेच्या ओळीत
कॉर्नफ्लेक्स लिहिले, कोको लिहिला, साखर.
मग पेन तसंच धरून बसले.
पट्टी कुठल्या बाजूला मांडायची असते?