स्थानिक ओळख

भोईवाड्यात माझं दुकान. सहा बाय चार.
रिचार्ज, झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो,
उन्हाळ्यात कोकमाच्या बाटल्या.
समोर मोठं हॉस्पिटल, त्यामुळे गिऱ्हाईक कुठल्याही देशाचं येतं.

रेहेमा आली ती भर ऑक्टोबरात, दुपारी दोनला,
फोन ओल्या रुमालात गुंडाळून, तापल्या भाकरीसारखा.
ऊन तिला नवं नव्हतं. तिचं गाव टांगा.
घोड्याचा नव्हे, बंदराचं.
भावाची किमो सहा महिने. खोली मागच्या गल्लीत,
तळमजला, दगडी भिंत, एकच खिडकी.
"कुठली कंपनी चांगली?"

हे मला सगळेच विचारतात
आणि मी कमिशन बघून सांगते. खोटं कशाला बोलू.
त्या दिवशी काय झालं कोण जाणे,
शटर अर्धं ओढलं,
तीन जुन्या फोनांत तीन कंपन्यांची सिमं घातली
आणि तिच्या खोलीवर गेले.

पहिली दारातच मेली.
दुसरी मोरीत चार दांड्या, खाटेवर शून्य.
तिसरी, जिची जाहिरात मी कधी पाहिली नाही,
जिचा टॉवर डेअरीच्या गच्चीवर,
तिला खिडकीच्या वरच्या गजाशी नेलं की
दोनच दांड्या, पण न हलणाऱ्या.
सुतळीनं फोन तिथंच टांगला.
खाटेवरून भाऊ काहीतरी पुटपुटला, ती हसली.
"म्हणतो, आता फोनलाही सलाईन."

मग फॉर्म. पासपोर्ट, व्हिसा, हॉस्पिटलचं पत्र.
ॲप म्हणे चेहरा दिसत नाही, उजेड वाढवा.
चेहरा तर समोर होता, घामानं चमकत.
मी टॉर्च धरला, मागे झेरॉक्सचा कोरा कागद धरला.
ॲप म्हणालं, डोळे मिटा.
दोघींनी मिटले.

शेवटचा रकाना:
स्थानिक ओळखीच्या व्यक्तीचा नंबर. नाते.
तिचं पेन तिथं थांबलं.
मी माझा नंबर लिहिला. नात्यात 'दुकानदार' चालत नाही,
मागे एकदा फॉर्म परत आलाय.
'ओळखीची' लिहिलं.
ओळख होऊन पाऊण तास झाला होता.

रात्री कंपनीचा फोन. "या बाईंना ओळखता?"
ओळखते.
"किती दिवसांपासून?"
कुकरची तिसरी शिट्टी होत होती.
"पुष्कळ," म्हटलं, आणि गॅस बंद केला.

दिवसाला दीड जीबी. ती वहीत मांडून ठेवायची.
हिशेबाला म्हणायची हेसाबु, खबरीला हबारी.
कुठल्या गलबतातून उतरले असतील हे शब्द,
काही तिच्या धक्क्यावर, काही माझ्या.
हवेला म्हणायची हेवा.
मी सांगितलं, आमच्यात हेवा म्हणजे निराळंच.
हे नाही सांगितलं, की तो मला वाटतो:
रात्री दहाला त्या टांगलेल्या फोनात
सात-आठ माणसं एका चौकटीत डोकी घुसवायची,
कुणाच्या हातात मासा, कुणाच्या कडेवर पोर,
आणि माझा मुलगा पनवेलला,
अनलिमिटेड पॅक, वर्षाचा एकदम भरलेला.
मीच भरते.

व्हिसा संपला की सिम आपोआप मरतं.
एप्रिलात ते गेले.
भाऊ आपल्या पायांनी टॅक्सीत बसला, एवढं मी पाहिलं.
पुढची हबारी नाही.

नंबर खोडला नाही मी.
परवा अंगठा लागून तो लागला.
कुणी घोरपडे, मंडप डेकोरेशनवाले.
मागे बांबू धडाधड उतरत होते.
"कोण पाहिजे?"
रेहेमा, म्हटलं.
"या नावाचं इथं कुणी नाही.
तुम्ही कोण त्यांच्या?"

ओळखीची, म्हटलं.
आणि सुट्टे मोजायला घेतले.